झिपऱ्याची करंगळी

चांभाराला चपलेचा तळ पाहून माणसाची चाल कळते, तसं गिटार दुरुस्त करणाऱ्याला तिची मान पाहून वाजवणारा कळतो. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. बोटाने तार जिथे दाबावी तिथे पट्टीला बारीक खळगा पडतो. पस्तीस वर्षं हेच काम केल्यावर आमच्या दुरुस्तीवाल्याला नुसत्या खळग्यांवरून माणूस आळशी आहे, हट्टी आहे की नुसताच ऐट करतोय, हे सांगता यायचं. गिऱ्हाइकं हसायची, पण परत त्याच्याकडेच यायची.

स्वतःला मात्र वाजवता येत नव्हतं. करवतीने डाव्या तर्जनीचं टोक नेलं होतं. ते बोट तारेवर सरळ बसायचंच नाही, तिरकं पडायचं.

झिपऱ्या म्हणजे त्याचं पहिलं मोठं गिऱ्हाईक आणि एकुलता एक मित्र. खांद्यापर्यंत केस, कानठळ्या बसवणारा आवाज आणि पुढे तोबा गर्दी. विसाव्या वर्षी नाव झालं, सव्विसाव्या वर्षी कार्यक्रमाहून परतताना मोटारसायकल घसरली आणि सगळं संपलं. मागे तीन रेकॉर्डी राहिल्या, आणि एक लाल गिटार. आजही पोरं त्याची गाणी घासत असतात. पण एक गोष्ट फक्त दुरुस्तीवाल्याला ठाऊक होती. झिपऱ्याची करंगळी दुबळी होती. गडी तीनच बोटांवर वाजवायचा, आणि सगळी गाणी त्याने अशी बांधली होती की अकराव्या पट्टीवर जायची वेळच येऊ नये. बाकीच्या पट्ट्या झिजून गेल्या, अकरावी कोरी करकरीत.

"करंगळी शिकव की जरा," दुरुस्तीवाला डोकं खायचा.

"सवड मिळाली की शिकवतो. आधी माझी करंगळी, मग तुझं ते वाकडं बोट. शब्द दिला."

सवड काही मिळाली नाही.

गिटार झिपऱ्याच्या ताईकडे गेली. ताई शाळेत गणित शिकवायच्या. बसायच्या खोलीत त्यांनी काचेचं कपाट करून घेतलं आणि किल्ली पर्समध्ये ठेवली. दर वर्षी झिपऱ्याच्या वाढदिवसाला सकाळी दहाला दुरुस्तीवाला यायचा, गिटार पुसायचा, मानेवर ताण नको म्हणून तारा सैल करायचा, दोन कप चहा प्यायचा आणि जायचा. आता सैल तारेवर वाजवणं म्हणजे दोरीवरच्या ओल्या कपड्यावर वाजवणं. त्यामुळे एका वर्षी तारा चांगल्या ताणलेल्या, सुरात लावलेल्या दिसल्या तेव्हा तो चिडलाच. पाहुण्यांच्या पोरांना हात लावू देऊ नका, असं त्याने ताईंना बजावलं. ताईंनी मान डोलावली आणि चहात साखर घातली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग त्याने बोलणं सोडून दिलं. मुकाट्याने सैल करायचा आणि निघायचा. तीस वर्षं अशी गेली.

मग ताईंनी घर विकायचं ठरवलं. गुडघे बोलायला लागले होते, लेकीच्या घरी एक खोली मिळणार होती, त्यात कपाट मावणार नव्हतं. सुदैवाने संग्रहालय गिटार घ्यायला तयार झालं. फक्त एक पत्र हवं होतं, दुरुस्तीवाल्याच्या सहीचं: शेवटच्या कार्यक्रमानंतर ही गिटार कुणीही वाजवलेली नाही. पत्र नसेल तर ती तळघरातल्या ढिगात जाणार होती. ताईंना तेवढीच एक काळजी होती. भाऊ अंधारात पडायला नको.

दुरुस्तीवाल्याने गिटार दुकानात आणली. सही करायची तर नीट पाहूनच, हा त्याचा बाणा. खिडकीतल्या उन्हात त्याने भिंग लावलं आणि मानेवरून सावकाश वर गेला. पहिली, तिसरी, पाचवी, सगळे जुने ओळखीचे खळगे. मग अकरावी आली.

अकरावी झिजली होती.

त्याने भिंग पुसलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. खालचे खळगे लांबट, ओबडधोबड होते. नवखी, दुबळी करंगळी तारेला आत ओढते तसे. त्यांच्यावर दुसरे, जरा आखूड. आणि सगळ्यात वर एक गोल, खोल, नेटका खळगा. असा खळगा पडायला वर्षानुवर्षं रोज बसावं लागतं.

दुरुस्तीवाला स्टुलावर बसला. आधी त्याला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम आलं. त्याला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता.

संध्याकाळी तो ताईंकडे गेला. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून पट्टी झिजल्याचं तेवढं सांगितलं. ताई खोकी बांधत होत्या. त्यांनी चिकटपट्टी दाताने तोडली.

"सुरुवातीला फार चुकायचा," त्या म्हणाल्या. "आता बरा वाजवतो."

दुरुस्तीवाला जवळच्या खोक्यावर टेकला.

"मला कधी सांगितलं नाहीत, ताई."

"तू दर वर्षी तारा सैल करून जायचास. मला वाटलं, तुला आवडत नसेल."

आणि त्या पुढचं खोकं बांधायला लागल्या. शाळेत असताना भाऊ कधी एक तास धड बसला नाही, आता एकही चुकवत नाही, असंही त्यांनी कौतुकाने सांगितलं.

खोटं लिहायचं नाही आणि गिटार तळघरातही जाऊ द्यायची नाही. दुरुस्तीवाल्याने रात्रभर नाही, पण चांगला तासभर डोकं खाजवलं आणि पत्रात लिहिलं: मालकाखेरीज ही गिटार कुणीही वाजवलेली नाही. खाली ठसठशीत सही केली. संग्रहालयाच्या बाईंना वाक्य फार आवडलं. पत्र त्यांनी चौकटीत घालून गिटारशेजारी लावलं.

ताई खूश. पोरं रांगा लावून बघायला लागली. दुरुस्तीवालाही पुढचे सहा महिने शीळ घालत काम करत होता.

मग संग्रहालयातून निरोप आला, तारांना गंज धरतोय, बदलून द्या. बाईंनी त्याच्यासमोर लाखेची मोहोर तोडून काच उघडली. त्याने तारा काढल्या, सवयीने भिंग लावलं. अकरावी छान होती. तो गालातल्या गालात हसला आणि खाली आला, अगदी पहिल्या पट्टीपर्यंत. नवशिक्याला सगळ्यात आधी तिथेच बसवतात.

पट्टीवर ताजे खळगे होते. उथळ, अडखळलेले.

सगळे तिरके.

"काही बिघडलंय का?" बाईंनी विचारलं.

त्याने नाही म्हटलं. नव्या तारा चढवल्या. शेजारच्या चौकटीत त्याचंच पत्र होतं, ते त्याने वाचलं नाही. या वेळी तारा सैल केल्या नाहीत.

बाहेर पायऱ्यांवर उन्हात येऊन त्याने डावा हात उघडून पाहिला. महिन्याभरापासून बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते. कानशीने पडले असतील, असं तो बायकोला म्हणाला होता.

कानस तो उजव्या हाताने धरायचा.