आठ पिनांची वायर

हे घडलेलं आहे. एका प्रयोगशाळेत तापमापकं तपासणं हे माझं काम. त्यामुळे जे मोजलं तेवढंच सांगते. त्याचा अर्थ मला विचारू नका.

गेल्या महिन्यातला रविवार. भर दुपार. धाकट्या भावाची खोली.

धाकटा त्या रविवारच्या दोन महिने आधी गेला होता. ताप चढत गेला, उतरलाच नाही.

पाठोपाठ त्याच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्डही गेलं. पडद्यावर चित्र दाखवणारं त्या मशीनमध्ये दुसरं काहीच नव्हतं.

घरातला शेवटचा आवाज बंद झाला.

आई दुपारी त्याच्या गेमच्या आवाजातच झोपायची. "बंद कर रे ती कटकट," म्हणता म्हणता घोरायला लागायची. आता ती झोपत नव्हती. दोन घास खाऊन ताट सरकवायची.

एकदा म्हणाली, "त्याचं ते मशीन चालू कर ना गं. घर खायला उठतं."

मी कार्ड शोधायला लागले. बजेट बेताचंच. धाकटाही आजारी पडण्याआधी हेच शोधत होता. जेवताना डोकं खायचा. "ताई, आठ जीबीवालं कुणी गळ्यात मारलं तर घेऊ नकोस. बारावालं जरा हळू असतं, पण टिकतं."

दुकानदार आठवालंच गळ्यात मारत होता. मी बारावालं मागितलं.

"गेम कोण खेळणार, ताई? तुम्ही?"

"आईसाठी हवंय."

तो हसला. मला हसू आलं नाही.

त्या रविवारी कार्ड खाचेत बसवलं. मॉनिटरची वायर त्याला जोडली. झाकण लावून बटण दाबलं.

चित्र आलं.

त्याचा अर्धवट राहिलेला गेम सुरू केला. वारा... घोड्याच्या टापा...

आई आत आली. खुर्चीत बसल्या बसल्या झोपली. संध्याकाळी तिने पोटभर खाल्लं.

मी पसारा आवरत होते. कार्डाच्या खोक्यात एक कागद होता. कार्डाला पॉवर सप्लायमधून आठ पिनांची वेगळी वायर जोडावी लागते. ती नसेल तर चित्र येत नाही.

मी तशी कुठलीच वायर जोडली नव्हती.

झाकण काढलं. त्याच्या जुन्या पॉवर सप्लायला तशी वायरच नव्हती. "आधी पॉवर सप्लाय बघायचा, मग कार्ड," हेही तो म्हणायचा. तेवढंच मी विसरले होते.

कार्डाचे पंखे फिरत नव्हते.

पडद्यावर घोडा चालत होता...

दुसऱ्या दिवशी कामावरचं तापमापक घरी आणलं. चालू कार्ड साठ-सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. बंद असेल तर खोलीइतकं राहतं. खोलीत सव्वीस होतं.

कार्डावर... छत्तीस पूर्णांक आठ.

तापमापक बदलून पाहिलं. तेच.

आठ पिनांची वायर असलेला पॉवर सप्लाय मी आणून ठेवला. खोका फोडला नाही. वायर जोडली की तिथे फक्त एक कार्ड उरेल, असं वाटलं. आणि आई जेवत होती.

रोज मोजत राहिले. आकडा हलत नव्हता.

या आठवड्यात हलला. साडेसदतीस. मग अडतीस. काल एकोणचाळीस.

आईला यातलं काहीच सांगितलेलं नाही. मी मोजते हेही तिला माहीत नाही. वायर जोडली तर ताप उतरेल की सगळंच थांबेल, हे मोजून कळणार नाही.

आज दुपारी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात पाण्याचं भांडं. खांद्यावर घडी घातलेलं फडकं.

"आई, कुठे चाललीस?"

"पट्ट्या ठेवते जरा. कालपासून कण्हतोय." मग दारातच थांबली. "तुला ऐकू येत नाही?"



येतं.