दहाची पट्टी

माणसाला दोनच हात देण्यामागे निसर्गाची काही थोर योजना असली पाहिजे. जुन्या मोटारीची टॅपेट – इंजिनातल्या झडपा उचलणारे दट्टे – लावायला बसलेल्या माणसाला मात्र ती योजना सपशेल बिनडोक वाटते. एका पान्याने टॅपेट धरायचं, दुसऱ्याने नट पिळायचा आणि त्याच वेळी वरच्या फटीत, पट्ट्यांच्या जुडग्यातली ठरावीक नंबराच्या जाडीची पोलादी पट्टी सरकवून बघायची. पट्टी किंचित अडखळत सरकली की फट बरोबर; जास्त राहिली की इंजिन टकटकतं. सरकवायची कोणी, हे मोटार बनवणाऱ्याने कुठेच लिहून ठेवलेलं नाही.

म्हणूनच कानसेन मेकॅनिकने, बॉनेटमधून डोकं वर न काढता, गॅरेजच्या दारात वाजलेल्या चपलांना हुकूम सोडला, "ए, कोण आहे? दहाची पट्टी घाल इथे. पटकन!"

पट्टी आली. तिच्यासोबत बोटं आली – लांब, स्वच्छ, अजिबात न थरथरणारी. त्याने वर पाहिलं आणि पाना पायावर पाडला. गाडीच्या मालकाची भाची होती. दातांची डॉक्टर, मामाची विसरलेली किल्ली द्यायला आलेली.

"आ करा, असं मला सांगावं लागतं," इंजिनात डोकावत ती म्हणाली. "यांनी आधीच केलाय."

पुढे ती दर रविवारी सकाळी येऊ लागली. फट थंड इंजिनावरच मोजायची असते ना! तो पिळायचा, ती सरकवायची आणि म्हणायची, "हं... अडखळतेय. बरोबर." मग तो इंजिन चालू करायचा आणि इंजिन म्हणायचं, टकटक टकटक.

नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगतो, म्हणून तर लोक त्याला कानसेन म्हणत. आता कान म्हणत होते, फट जास्त आहे. पट्टी म्हणत होती, बरोबर आहे. पाच रविवार गेले; टॅपेटच्या नादात उतरवलेले ब्रेक तसेच पडून राहिले. तो गुपचूप कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. कान उत्तम निघाले, त्यामुळे तर तो जास्तच पिसाळला. त्यात मामांचा निरोप – येत्या रविवारी बारापर्यंत इंजिन शांत झालं नाही, तर गाडी दुसरीकडे नेतो.

"आज वाजलं ना," सहाव्या रविवारी तो म्हणाला, "तर जुन्या गाड्या बंद. बॅटरीवरच्या दुरुस्त करेन. त्या मेल्या आवाजच करत नाहीत."

तिचा हात पहिल्यांदाच थांबला.

"एक सांगू? ओरडणार नसाल तर..."

"मी कधी ओरडतो?" तो ओरडला.

"पहिल्या रविवारी दहाच्या पट्टीला मागची बारीक पट्टी तेलाने चिकटली होती, म्हणून फट जास्त राहिली. मला पट्ट्या पुसून ठेवताना कळलं."

"आणि दुसऱ्या?"

"दुसऱ्यापासून मी चिकटवली."

कानसेनाने दोन्ही पाने खाली ठेवले. "अहो, मी कान तपासून आलो! लोकांसमोर मशीन लावून! का? का पण?"

"इंजिन शांत झालं असतं तर मी इथे कशाला आले असते? तुमचे दात ठणठणीत आहेत. मी पहिल्याच दिवशी बघून घेतले."

"मग सरळ सांगायचं!"

"काय?"

"हेच – जे काय असेल ते! मला वाटलं, तुम्हाला टॅपेट शिकायचीत."

"सहा रविवार?"

"अवघड काम असतं ते!" तो तावातावाने म्हणाला. मग त्याने फडक्याने हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. "लग्न... म्हणजे, कराल का... माझ्याशी?" पाना कुठे ठेवलात, असं विचारावं तशा वैतागलेल्या आवाजात.

"हं," ती म्हणाली. "किंचित अडखळलात. बरोबर."

आठही टॅपेट एकट्या दहाच्या पट्टीने लावायला सव्वा तास लागला. बाराला मामा आले. इंजिन इतकं शांत चाललं होतं की त्यांनी दोनदा विचारलं, "चालू केलंयस ना रे?" भाचीने दुसरीही बातमी दिली. मामांनी दोघांच्या पाठीवर थाप मारली आणि मोठ्या थाटात गाडीत जाऊन बसले.

ब्रेक अजून बसवायचे होते.