काळ्या सुंभाने बांधलेला दगड

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं आजोबांनी आम्हाला बजावलं होतं. मी सांगत नाही. फक्त लिहून ठेवते आहे.

परवा रात्री जेवणं झाल्यावर मी आणि माझा चुलतभाऊ दाइची आजोबांच्या खोलीत रजईत पाय खुपसून बसलो होतो. आजोबांनी दिवा मालवला आणि म्हणाले, "मोरिवाकीला ओळखता ना?"

ओळखतो. आजोबांनी आणि मोरिवाकीकाकांनी आयुष्यभर क्योतोत टॅक्सी चालवली, पाहुण्यांना देवळं आणि बागा दाखवल्या. मोरिवाकीकाकांची बायको, फुसाएकाकू, आमच्याकडे मुळ्याचं लोणचं घेऊन येतात.

"गेल्या नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार," आजोबा सांगू लागले. "मोरिवाकीची सुट्टी. फुसाए म्हणाली, 'जगभरच्या बायकांना बागा दाखवून झाल्या असतील, तर आता घरच्या बाईचा नंबर लावा.' निघाले दोघं. पुढच्या सीटवर बसून वाटभर टोचत होती त्याला. 'सावकाश चालवा, मी भाडं देणार नाहीये.'"

दाइची हसला. आजोबाही हसले.

उत्तरेच्या डोंगराखाली एक लहानसं देऊळ आहे. तिथवर गर्दी पोहोचत नाही. संध्याकाळ होत आली होती, शेवाळावर मेपलची लाल पानं पडली होती. बाग बघून फुसाएकाकू देवळाच्या ओसरीवर चहा घेत बसल्या. मोरिवाकीकाका पायवाटेने एकटेच पुढे गेले. वाटेला फाटा फुटतो तिथे दगड ठेवलेला होता. मुठीएवढा, काळ्या सुंभाने चारी बाजूंनी बांधलेला, वर गाठ.

असा दगड दिसला की मागे फिरायचं. त्याला पाटी लागत नाही, कुंपण लागत नाही. आमच्याकडे शेंबडं पोरही तो ओलांडत नाही.

दगडापलीकडे एक बाई उभी होती. राखाडी किमोनो, हात पोटाशी जुळलेले.

"एवढा दगड उचलता का?" ती म्हणाली. "मला ओलांडता येत नाही."

"आता बघा," आजोबा म्हणाले, "त्याला वाटलं, चुकून आत राहिली असेल बिचारी, रीत मोडून बाहेर कशी येणार? आणि आम्हा टॅक्सीवाल्यांना पाहुण्याला नाही म्हणता येत नाही रे. डोक्याआधी हात पुढे होतो. त्याने उचलला."

बाई नमस्काराला वाकली. बाहेर आली. वाटेवर खडी होती, पण पावलांचा आवाज झाला नाही...

काकांनी दगड जागेवर ठेवला आणि ओसरीवर परतले. चहातून वाफ निघत होती. फुसाएकाकू नव्हत्या. काकांनी हाका मारल्या. देऊळ बंद होण्याची घंटा वाजू लागली. ते पुन्हा त्या फाट्यापाशी धावले.

दगडापलीकडे फुसाएकाकू उभ्या होत्या. हात पोटाशी जुळलेले.

"एवढा दगड उचलता का? मला ओलांडता येत नाही."

"उचलला त्यांनी?" दाइचीने विचारलं.

"बायको होती त्याची."

काकू त्यांच्यापुढे वाकल्या. परक्या माणसापुढे वाकावं तशा. गाडीपाशी येऊन मागच्या दाराशी थांबल्या... ते उघडण्याची वाट बघत. काकांनी मुद्दाम गाडी जोरात हाणली. मागून एक टोमणा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पुन्हा तिथे गेले. दगड जागेवर होता. पलीकडे बूट होते. तपकिरी, नीट जोडून ठेवलेले, टोकं बाहेरच्या बाजूला. डाव्या बुटाचा पट्टा लाल दोऱ्याने शिवलेला. तो काकांनीच शिवला होता.

"म्हणजे काकू अनवाणी घरी आल्या?" मी विचारलं.

"नाही. बूट घालून." आजोबा पुढे झुकले. "तेच. लाल दोऱ्यासकट. त्या सकाळीही ते बूट घरच्या कपाटात होते."

दाइचीने रजई गळ्यापर्यंत ओढली.

"आणि मग दगडापलीकडच्या बांबूंच्या मागून फुसाएचा आवाज आला... 'आलात? फारच लवकर आलात हो.'"

"मग काढायचा ना दगड!" दाइची ओरडला.

"काढला, आणि बाहेर आली ती फुसाए नसली तर?" आजोबा हळूच म्हणाले. "आणि तीच असली... तर घरी जी भात लावून बसलीये, तिचं काय?"

आता दर गुरुवारी मोरिवाकीकाका तिथे जातात. दगडापर्यंत. ऐकतात. परत येतात.

"तुम्हाला कधी कुणी म्हणालं, उचल..." आजोबांनी वाक्य पुरं केलं नाही.

आज गुरुवार. मोरिवाकीकाका बागेत गेले असतील. दाइचीने मला घाबरवायला एक दगड बुटाच्या नाडीने बांधून आमच्या अंगणातल्या फरशीवर ठेवला आणि तो खेळायला पळाला. आजोबा दवाखान्यात गेले आहेत. मी वरच्या खोलीत लिहिते आहे. खिडकीतून खाली दिसतंय. फुसाएकाकू आल्या आहेत. लोणच्याचा डबा पोटाशी धरून उभ्या आहेत. दगडापलीकडे. बराच वेळ झाला, हलत नाहीत.

मघापासून मी बुटांकडे बघते आहे. डाव्या पट्ट्यावर लाल दोरा आहे.

त्यांनी वर पाहिलं.

"कानाए, बाळ, एवढा दगड उचलतेस का?"

पाहुण्याला दारात ताटकळत ठेवायचं नाही, हे मला लहानपणापासून शिकवलंय. पण काकू एकदाही हसल्या नाहीत, आणि मी जर तो दगड