एक्केचाळीस नंबरची सही

"खोडरबर दे," निकेश म्हणाला, पण दिव्यानं ते मुठीत घट्ट धरलं.

आरमोरीत देवाजी आजोबांच्या ओट्यावर दिव्या, निकेश आणि मयुरी चित्राभोवती बसली होती. आजोबा हवाई दलात मेकॅनिक होते. चित्रात त्यांनी दुरुस्त केलेलं, एकाहत्तरच्या लढाईतलं विमान होतं आणि खाली पायलटची सही. अशा दोनशेच प्रती छापलेल्या, ही एक्केचाळिसावी; सहीशेजारी तसा नंबरही लिहिलेला. उद्या ती शाळेला भेट जायची होती. दिव्याच्या लोकेशकाकानं चंद्रपूरहून ती आजच फ्रेम करून आणली होती.

असली चित्रं जमवायचं वेड दिव्याला काकानंच लावलं. खरी सही पेन्सिलची असते, तिरपी धरली की चमकते, हेही त्यानंच शिकवलं. म्हणून तर मयुरीला ऐट दाखवायला तिनं चित्र फ्रेमबाहेर काढलं होतं. पण सही चमकलीच नाही.

"नंबरबी पेन्सिलचाच न? थोडासा पुसून पाय," निकेश म्हणाला.

"अन् खरा असला तं?" मयुरीनं विचारलं.

"तं पुसल."

म्हणजे आजोबांचं चित्र बिघडणार. चित्र बिघडलं तरी चालेल, पण ते खरं निघू दे, असं दिव्याला मनापासून वाटलं. तिनं रबर घासलं. रेघ जराही पुसली गेली नाही. समोर होती ती रंगीत झेरॉक्स!

तिघांनी गावातलंच काकाचं घर गाठलं. काका चित्रं ठेवायचा ती कपाटावरची पुठ्ठ्याची नळी दिव्यानं खाली ओढली आणि आतला कागद खिडकीपाशी तिरपा धरला. सही लख्ख चमकली.

"दिव्या," दारातून काका म्हणाला, "शाळेत वाळवी खाईन त्याले. मी जपलं असतं."

"तं आजोबाले मांगायचं होतं. काऊन फसवलं?"

"तू तं माह्या बाजूची न? सांगू नको कोणाले."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरी करून वर हा तिलाच सामील करून घेत होता!

"तुमीच शिकवलं मले," ती रडत म्हणाली, "अन् तुमाले वाटलं, मी गप बसन?"

दिव्यानं नळी थेट आजोबांकडे नेऊन सगळं सांगितलं; काकाही मागोमाग आला. आजोबांनी चित्र हातात घेतलं, काकाकडे पाहिलं आणि मग दिव्याला जवळ ओढलं.

"शाबास, पोरी. आमी मेकॅनिक एका ताटात जेवत होतो. पण दोस्तानं पेच ढिला सोडला, तं सायबाले सांगाच लागे. वर जाणाऱ्याचा जीव होता त्यात. सांगून आल्यावर मीबी रडलो हावो."

दिव्यानं मान हलवली. काकाकडे मात्र तिला बघवलं नाही.