स्पीकरमधली बारीक शिट्टी

तो पहिल्यांदा आला तेव्हा ती जमिनीवर आडवी पडून आत्याच्या स्पीकरला कान लावून होती.

"आजारी आहे का तो?" दारातून आवाज आला.

ती धडपडत उठली. खांद्यावर वायरचं भेंडोळं घेतलेला सोलरवाला हसत उभा होता.

"आजारी नाही, बेसूर आहे. तुमच्या इन्व्हर्टरला घुमायचंच असेल तर निदान सुरात तरी घुमावं!"

"माझ्या कामाला लोकांनी बरीच नावं ठेवली... पण सुरावरून आजवर कुणी नाही!"

आत्याचं घर विजेच्या शेवटच्या खांबापासून दोन टेकड्या पलीकडे. छतावर पॅनेल, जिन्याखाली बॅटऱ्या. सगळं झकास होतं, फक्त गाणं लावलं की त्यामागे घुंऽऽ सुरू व्हायचं. आणि ही भाची तर वाद्यं सुरात लावून देणारी! तिच्या कानांतून काही म्हणजे काही सुटत नसे.

मग तो दर रविवारी येऊ लागला. आधी सगळ्या यंत्रांचं अर्थिंग एका जागी आणलं. पुढच्या वेळी स्पीकरच्या वायरी बॅटरीच्या वायरींपासून लांब नेल्या. तिसऱ्या रविवारी अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःची छोटी बॅटरी दिली. ती टॉर्च धरायची, त्याची बोटं निसटती लागायची, उजेड भलतीकडेच पडायचा... आवाज कमी होत गेला, चहा लांबत गेला आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"स्पीकर दुरुस्त होतोय की तुमचं जमतंय, ते एकदा सांगा," आत्या म्हणाली. "त्या बेतानं चहा टाकते."

चौथ्या रविवारी लख्ख ऊन होतं. त्यानं आवाज पूर्ण वाढवला. घुंऽऽ साफ गेलं होतं. पण एक बारीक, तीक्ष्ण शिट्टी उरली होती. ऊन तापलं की बॅटरी भरणारा चार्जर ती वाजवत होता. दाताखाली खडा यावा तशी ती तिला खुपली.

"शांत!" त्याचे डोळे चमकत होते. "राहिलंय काही?"

तो स्पीकरच्या अगदी समोर बसला होता. शिट्टी त्याच्या तोंडावर वाजत होती, आणि त्याच्या ती गावीही नव्हती. त्याला ती ऐकूच येत नव्हती, हे तिला कळलं.

"काही नाही," ती म्हणाली. "एकदम स्वच्छ."

त्यानं तिचा हात धरला. "खरं सांगू? आठ वर्षं जनरेटरपाशी काढली. कान गेले की काय, अशी भीती होती. म्हणून रेकॉर्डिंग स्टुडिओतली नोकरी टाळत होतो... पण तुझ्याइतकंच मलाही ऐकू येतंय. आता घेतो. आणि मग— आत्यांशी बोलतो."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण तो इतका खुशीत होता की ती गप्प बसली. तिचं प्रेम होतं त्याच्यावर, आणि तो चेहरा उतरलेला तिला बघवला नसता.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, तो न सांगता आला. हातात आवाज मोजणारा पडद्याचा मीटर आणि एक छोटा फिल्टर.

"चार्जरची शिट्टी राहिली होती ना तुमच्याकडे?"

'तुमच्याकडे'... 'तू'चं पुन्हा 'तुम्ही' झालं होतं.

"स्टुडिओतही तसलीच होती," वायर सोलत तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी. खोलीत सगळ्यांना ऐकू येत होती. मी छातीठोकपणे सांगत होतो, काही नाहीये. तुम्ही म्हणाला होतात ना, एकदम स्वच्छ; त्यावरून माझे कान ठीक आहेत असं धरून चाललो. लोक हसले. नोकरी गेली, जुनी तर मी आधीच सोडली होती."

"तुला दुखवायचं नव्हतं रे... प्रेम आहे माझं तुझ्यावर."

"माहीत आहे." त्यानं मान वर केली नाही. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तपासून घेतलं असतं."

फिल्टर बसला. शिट्टी पटकन तुटली. इतकं शांत झालं की तिला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला.

"गेली," ती म्हणाली. "खरंच गेली."

"बरं," तो म्हणाला, आणि मीटर लावून पडद्यावरचे आकडे वाचू लागला.