एकेचाळीस मीटर साठ

मी भुताखेताच्या गोष्टी सांगणारा माणूस नाही. मी जमीन मोजतो. हे मोजतानाच घडलं, आणि रात्री नाही... भर दुपारी.

तारीख सतरा मे २०२३. ठिकाण तंजावर जिल्हा, ओरत्तनाडूच्या पुढचं एक खेडं. गावाचं नाव सांगणार नाही. भीती म्हणून नाही. लाज वाटते म्हणून.

माझं नाव अनिरुद्धराव. आम्ही तंजावरचे मराठी. घरी मराठी बोलतो, पण मला देवनागरी वाचता येत नाही. मी फोनवर बोललो आणि पुण्याच्या माझ्या मावसबहिणीनं, लक्ष्मीप्रियानं, हे लिहून काढलं. मध्येच ती म्हणाली, "दादा, तू काय केलंस ते गाळू का?"

मी म्हटलं, नको.

त्या खेड्यात तळ्याकाठून एक रस्ता जातो. नकाशात तो सरळ आहे. पण माणसं आणि गाड्या चिखल चुकवत गेल्या, तसा तो वर्षानुवर्षं सरकला आणि कनकलता अक्कांच्या जागेत शिरला. अक्का विधवा. एकट्या राहायच्या. आमच्यातल्याच. २०१९ साली त्यांनी तक्रार केली आणि मोजणीला मला पाठवलं गेलं.

माझं मराठी ऐकून त्या हसल्या.

"आपला माणूस आला. आता मला काळजी नाही."

त्या दिवशी टेप धरायला कोणी नव्हतं. अक्काच घरामागे गेल्या आणि हद्दीच्या दगडावर टेपचं टोक धरून बसल्या. मी पुढे, रस्त्याच्या कडेला. मधे घर, त्यामुळे बाजूच्या बोळातून टेप ताणली. नीट धरलं की दोनदा ओढा, असं मी सांगितलं होतं.

त्यांनी दोनदा ओढलं.

नकाशात ते अंतर सत्तेचाळीस मीटर होतं. टेपवर आलं एकेचाळीस मीटर साठ.

अक्कांचं म्हणणं खरं होतं.

पण त्याच्या दोन वर्षं आधी ह्याच रस्त्यावर डांबर पडलं, तेव्हा 'रस्ता नकाशाप्रमाणे आहे' असा दाखला मीच दिला होता. चहाच्या दुकानात बसून. जागेवर पाऊलही न टाकता. आता खरं लिहिलं तर ते बाहेर आलं असतं.

मी सत्तेचाळीस लिहिलं. खाली सही केली.

अक्कांनी मला कॉफी दिली. मी ती प्यायलो.

पुढे सरकलेला रस्ताच नकाशातला मानून त्याची पूर्ण रुंदी तिथेच धरली गेली. अक्कांची तिण्णै, म्हणजे घरापुढचा ओटा, आणि पुढची खोली अतिक्रमण ठरली. जेसीबी आला. अक्का पापनाशमला भाचीकडे राहायला गेल्या. दोन वर्षांनी तिथेच वारल्या.

मी एकदाही भेटायला गेलो नाही.

मग तेवीस साली रस्ता रुंद करायचं ठरलं. पुन्हा मोजणी. पुन्हा मीच.

बरोबर रघुपती होते. पंचावन्न वर्षांचे, माझ्याबरोबर वीस वर्षं टेप धरणारे. बोळ काटेरी झुडपांनी भरून गेला होता. रघुपती टोक घेऊन बोळाकडे गेले. मी कडेला उभा राहिलो.

ऊन इतकं, की तळ्यावर एक पक्षी नव्हता. कुठेच आवाज नव्हता...

टेप सरसरत गेली. थांबली. ताणली गेली.

दोन झटके.

रघुपती कधीच झटके देत नाहीत. ते ओरडून सांगतात.

"रघुपती, दगडावर आहे ना?"



पुन्हा दोन झटके... हळू. वयस्क हाताचे.

मी आकडा पाहिला. एकेचाळीस मीटर साठ.

आणि तरीही, हे सांगताना आजही मान खाली जाते, मी वहीत चार आणि सात लिहिलं.

टेप इतक्या जोरात ओढली गेली की डबी माझ्या हातातून सुटली.

तेवढ्यात मागून आवाज आला. "राव, काय झालं?"

रघुपती माझ्या पाठीमागे, रस्त्यावर उभे होते. हातात कोयता.

"आत जाता येईना. टोक बोळाच्या तोंडाशी ठेवलं आणि शेजारून कोयता आणायला गेलो."

आम्ही दोघांनी झुडपं तोडत तोडत आत वाट केली. अर्धा तास लागला. टेप त्या काट्यांमधून सरळ गेली होती. एकही फांदी मोडलेली नव्हती. शेवटी दगड दिसला. वरची माती पुसून काढलेली, आणि टेपची कडी बरोबर खुणेवर टेकवलेली.

ती कडी धरलेलं कोणी नव्हतं. तरी टेप ताठ होती...

रघुपतींनी हात जोडले. मला ते जमलं नाही.

मी चार-सात खोडलं आणि खरा आकडा लिहिला. रस्ता आता नकाशाच्या जागी जाणार आहे. जागा भाचीच्या नावावर झाली.

तिला कबूल करायचं म्हणून मी पापनाशमला गेलो. भाचीचं नाव वरलक्ष्मी, शाळेत शिकवते. मी बोलायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली,

"तुम्ही अनिरुद्धराव ना? चित्ती, माझी मावशी, तुमचं नाव काढायची. म्हणायची, कचेरीतल्यांनी कागद बदलले, पण त्या राव मुलानं नीट मोजलं होतं. मीच टोक धरलं होतं, असं सांगायची."



तिनं कॉफी आणली. म्हणाली, "गार होतेय, घ्या ना."

मी घेतली आणि काही न सांगता घरी आलो. तिला अजून माहीत नाही.

त्या टेपला कोण धरून बसलं होतं, हे मी कोणाला विचारत नाही. पण आता कुठेही मोजायला गेलो, की आधी टोक धरणाऱ्याकडे चालत जातो आणि त्याचा चेहरा बघून येतो.