दहा नंबरचे बूट

बूट घ्यायला मी बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बाजारात गेले होते, एवढंच. शनिवारची सकाळ होती, ऊन छान पडलं होतं आणि मला एक जोडी वापरलेले पुरुषी बूट हवे होते. नवे चालणार नव्हते. नवे बूट दाराबाहेर ठेवले की येणाऱ्या-जाणाऱ्याला लगेच कळतं, हे नुसते ठेवलेत म्हणून.

कारण सांगते. माझा नवरा मुकुल एका सरकारी कंपनीत इंजिनिअर आहे. लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्याला अरुणाचलमधल्या एका रडारच्या साइटवर पाठवलं. दोन वर्षं. बायकोला न्यायची सोय नाही, रस्ता निम्मा वेळ बंद, फोनला रेंज फक्त संध्याकाळी आणि तीसुद्धा एका ठरावीक दगडावर चढून. माझी नोकरी बेळ्ळंदूरची, तेव्हा मी इथेच आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहिले. एकटी बाई राहते हे उगीच चार लोकांना कळायला नको, म्हणून मुकुलने सुचवलं, "दाराबाहेर माझे बूट ठेवत जा." पण स्वारीने सगळे बूट बरोबर नेले होते. बायको तेवढी मागे ठेवली होती.

बाजारात मुकुलच्या मापाचे, आठ नंबरचे, धड बूट मिळेनात. एक तपकिरी जोडी मात्र फार आवडली. डाव्या बुटाची टाचेजवळची शिवण उसवली होती आणि ती कुणीतरी काळ्या दोऱ्याने पुन्हा घातली होती. आतलं कातडं घासून मऊ झालेलं. खूप चाललेले बूट होते ते. नंबर दहा. मी घेऊन टाकले.

"दहा?" मुकुल फोनवर हसून हसून खोकायला लागला. "अगं, मग हा गृहस्थ माझ्यापेक्षा चांगलाच उंच असणार!"

"आहेतच हे उंच," मी म्हटलं. "दारातून वाकून यावं लागतं ह्यांना."

तिथून आमचा खेळ सुरू झाला. तिकडे लवकर अंधार पडतो. मुकुल काळोखात दगडावर बसलेला असायचा, इकडे माझ्या बाल्कनीत अजून ऊन असायचं, आणि तो पहिला प्रश्न विचारायचा, "काय म्हणतायत आपले 'हे'?" मग आम्ही दोघं मिळून त्या माणसाला रचायचो. हे कॉफी बिनसाखरेची घेतात, असं मी म्हटलं. हे कडक उन्हातसुद्धा मिटलेली छत्री घेऊन फिरतात, ही मुकुलची भर. ह्यांना पाहुणे अजिबात आवडत नाहीत. "मग मी आलो की?" मुकुल विचारायचा. "ह्यांना विचारावं लागेल," मी म्हणायचे. आम्ही इतके हसायचो की पंधराशे मैलांचं अंतर त्या वेळापुरतं नाहीसं व्हायचं. खरं सांगते, इतर जोडपी फोनवर भांडतात. आम्हाला त्या बुटांनी सांभाळलं.

आणखी एक. कुणी बेल वाजवली की मी आत तोंड करून मोठ्याने म्हणायचे, "अहो, कोण आलंय बघा हो!" मग जरा थांबून स्वतःच दार उघडायचे. मुकुलला मी एरवी मुकुलच म्हणते, अरे-तुरे करते. पण 'अहो'मध्ये कसं, घरात भारदस्त माणूस असल्यासारखं वाटतं.

समोरच्या घरात अहल्या अक्का राहतात. त्यांचं मराठी घराणं बंगळुरात शेकडो वर्षांपासूनचं. एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "तुमचे ते उंच आहेत की गे. काल खाली दिसले. इतकं ऊन, तरी हातात छत्री. मी हसले, पर ते स्वल्प मान हलवून गेले बघ."

मला काय वाटलं असेल? भीती? छे! मला आनंदाने नाचावंसं वाटलं. युक्ती जमली होती. दुसऱ्याच कुणाला तरी बघून अक्कांनी आमच्या बुटांशी जोडलं असणार, आणि छत्री हा योगायोग. मुकुलला सांगितलं तर तोही खूश झाला. "वा! म्हणजे आता हे फिरायलाही जायला लागले."

दुसऱ्या दिवशी बुटांच्या तळांना लाल माती होती. ओली.

मी ती पुसली. झाडणाऱ्या बाईने कुंड्यांची माती सांडली असेल, असं स्वतःला समजावलं. मग एका संध्याकाळी मुकुल बोलता बोलता थांबला.

"प्रांजली, तुझ्याकडे कोणी आलंय का?"

"नाही. का रे?"

"कोणीतरी... खाकरलं आत्ता. पुरुषाचा आवाज वाटला."

"लाइनवर असेल."

"असेल," तो म्हणाला. पण त्या दिवशी त्याने 'ह्यांची' चौकशी केली नाही. फोन ठेवल्यावर मी बाल्कनीतून आत आले, तर स्वयंपाकघरात कॉफीचा वास होता. मी तर चहावाली. मुकुल गेल्यापासून घरात कॉफी केलीच नव्हती.

तेव्हा मात्र मी घाबरले आणि तशीच समोर जाऊन अहल्या अक्कांना सगळं सांगून टाकलं. बूट, खेळ, हाका, सगळं. त्या शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

"आमच्या घरीबी नवऱ्याचं नाव घेत नाहीत गे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पर नाव मनात असतंय. तू हाक मारताना... मनात कुणाचं नाव असायचं?"

मी आठवून पाहिलं. "कुणाचंच नाही."

"सरी," बरं अशा अर्थी एवढंच म्हणून त्यांनी पुन्हा शेंगा घेतल्या. त्यानंतर त्या माझ्याशी कधी 'तुमचे ते' बोलल्या नाहीत. जिन्यात दिसल्या तर माझ्या मागे बघायच्या.

पण मला घाबरायला वेळच मिळाला नाही, कारण दुसऱ्याच संध्याकाळी मुकुल दगडावरून ओरडला, "रजा मिळाली! तीन आठवडे!" मी बाल्कनीत उड्या मारल्या. घरभर धावले. पडदे धुवायला काढले, त्याच्या आवडीच्या चकल्यांची भाजणी मागवली, आणि वेड्यासारखी रिकाम्या घराला सांगत सुटले, "मुकुल येतोय! माझा मुकुल येतोय!" बाहेर कचरा ठेवायला दार उघडलं तेव्हा बूट फिरलेले होते. एरवी टाचा बाहेर आणि चवडे भिंतीकडे असे मी ठेवायचे. आता टाचा दाराला टेकल्या होत्या आणि चवडे जिन्याकडे. दाराला पाठ लावून कोणी उभं राहिलं की कसं, अगदी तसे. मी ते सरळ केले. सकाळी पुन्हा तसेच.

मुकुल आला त्या दिवशी मी दुपारी निघाले ती पार देवनहळ्ळीपर्यंत टॅक्सीत गुणगुणतच. तो विमानतळाच्या दारातून बाहेर आला, काळवंडलेला, दाढी वाढलेली, दोन्ही हातांत पिशव्या. मी इतक्या जोरात हाक मारली की शेजारचे चारजण वळले. त्याने पिशव्या खाली टाकल्या आणि मला उचललं. परतीच्या रस्त्यावर दोन तास ट्रॅफिक होता आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ट्रॅफिकचा राग आला नाही.

घरी पोचलो तेव्हा नुकतीच दिवेलागण झाली होती आणि आमच्या सोसायटीचे दिवे गेले होते. फक्त वॉचमनच्या खोलीत एक बॅटरीचा दिवा. वॉचमन नवा होता. त्याने मुकुलला अडवलं, आमच्या घराचा इंटरकॉम लावला, ऐकलं, आणि रिसीव्हर हातात धरूनच म्हणाला, "मॅडम, तीन सौ दो में पूछा. सार बोल रहे हैं, किसी को मत भेजो. मेहमान नहीं चाहिए."

"घरात कोणी नाही," मी म्हटलं. "कुलूप आहे."

"सारने खुद उठाया, मॅडम."

मुकुलचा हात माझ्या हातात होता. तो गार पडत गेलेला मला कळला. मी रिसीव्हर घेतला. आधी काहीच नाही. मग संथ श्वास... आणि त्यामागे टप... टप... टप... आमच्या स्वयंपाकघरातला गळका नळ. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

भीती वाटत होतीच. पण त्याहून मोठा राग आला. इतके महिने वाट बघितली ती काय फाटकावर उभं राहायला?

"मुकुल आलाय," मी म्हटलं. "तो पाहुणा नाही. त्याचं घर आहे."

श्वास थांबला. नळ वाजत राहिला. मग अगदी जवळून, शांत, भारदस्त आवाजात कोणीतरी म्हणालं, "...या."

आम्ही मोबाइलच्या उजेडात जिना चढलो. कुलूप मी लावलं तसंच होतं. दाराबाहेरचे बूट नव्हते. आत कुणीही नव्हतं. मुकुलने पलंगाखाली पाहिलं, कपाटं उघडली, बाल्कनीतून खाली डोकावला आणि मग एकदम हसत सुटला. "पळाला बघ तुझा दुसरा नवरा!" दिवे आले. मीही हसले, रडले, त्याला मिठी मारली. गेला होता तो. माझं माणूस घरी आलं होतं.

ते तीन आठवडे मी कधी विसरणार नाही. किती बोललो आम्ही! मुकुलला कुठेही जायचं नव्हतं, कुणाला भेटायचं नव्हतं. त्याचा मित्र मकरंद येतो म्हणाला तर मुकुलने नको सांगितलं. "पाहुणे नकोत गं आता." मला ते फार गोड वाटलं. सुरुवातीला तो कॉफीत दोन चमचे साखर घ्यायचा, नेहमीसारखी. शेवटच्या आठवड्यात त्याने डबा बाजूला सारला. तब्येतीची काळजी घेतोय, मी मनात म्हटलं. एकदा बेल वाजली आणि सवयीने माझ्या तोंडून गेलं, "अहो, कोण आलंय बघा हो!" मी जीभ चावली. आतून तो म्हणाला, "आलो," आणि जाऊन दार उघडलं. आधी दोनदा 'मुकुल' म्हणून हाक मारली होती, ती त्याला ऐकू आली नव्हती.

आज सकाळी त्याचं परतीचं विमान होतं. निघायची घाई, पिशव्या, चकल्यांचा डबा, लिफ्टची वाट. अशा वेळी कुणाच्या पायांकडे कोण बघतं? विमानतळाच्या दाराशी त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "काळजी करू नकोस," तो म्हणाला. "आता तू एकटी नाहीस." मी डोळे पुसले. तो आत निघाला, काचेपलीकडे लांब लांब पावलं टाकत, आणि तेव्हा मला ते दिसले. तपकिरी बूट. डाव्या टाचेजवळ काळा दोरा.

दहा नंबरचे. मुकुलच्या आठ नंबरच्या पायांना ते फटाक फटाक वाजायला हवे होते. पण एकही टाच सुटत नव्हती. बूट अगदी मापाचे होते. सुरक्षातपासणीच्या कमानीखालून जाताना त्याने मान किंचित वाकवली.

मी फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला, बंद.

आता मी टॅक्सीत आहे. हेब्बाळच्या पुलावर गाड्या खोळंबल्यात. मघाशी वॉचमनचा फोन आला होता.

"मॅडम, सार पूछ रहे हैं, आप कब तक आएँगी? बोले, कॉफी रखी है।"

"कौन सार?" मी विचारलं.

"आपके सार, मॅडम. घर से इंटरकॉम किया ना अभी."

विमानात कोण बसलं आणि घरी कोण राहिलं, हे मला माहीत नाही. माझा मुकुल घरात कोंडला गेला असेल, तर मला धावत जायला हवं. आणि तो नसेल... तरी दीड वर्ष मी रोज संध्याकाळी रिकाम्या घराचं कुलूप उघडलंय. मी कधी येणार, हे विचारणारं तिथे कोणी नव्हतं. मला हसू येतंय, ते थांबत नाही. वॉचमनला एकच सांगायचं होतं, कॉफीत साखर घातलीय का, ते त्यांना विचार. मी नाही सांगितलं.

ड्रायव्हरला म्हटलं, "अण्णा, स्वल्प लवकर घ्या. घरी वाट बघतायत."